एका बादलींत मोटार

धुणें या शब्दाचा आपल्या घरांतील अर्थ ठरलेला आहे. भांडें कितीही घासलें तरी विसळल्याखेरीज तें फडताळांत जावयाचें नाहीं. कपड्यास साबण लावला तरी दोन-तीन पाण्यांतून काढल्याखेरीज तो दोरीवर पडावयाचा नाहीं. मळ सुटला म्हणजे तो वाहत्या पाण्याबरोबर दूर गेला पाहिजे, ही आपली स्वच्छतेची कल्पना. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास, "मोटार एका बादलींत धुवावी, आणि धुतल्यावर तिच्यावर पाणी मुळींच ओतूं नये," असें कोणी सांगितलें, तर त्यास ती थट्टा वाटेल, किंवा सांगणाराच्या कंजूषपणाची कींव येईल. परंतु ही थट्टा नव्हे. गेल्या वीस वर्षांत मोटारीच्या रंगाची डोळ्यांत तेल घालून काळजी घेणाऱ्या लोकांनीं ही रीत पारखून घेतली आहे. त्यांनीं ती पाणी वांचविण्यासाठींच स्वीकारली असें नाहीं. रंग जपण्यासाठींही स्वीकारली. आपल्या वऱ्हाडांतल्या घरांस मात्र तिचा लाभ दुहेरी आहे.

खंडेनवमीच्या सकाळीं आपल्याकडील कोणत्याही गल्लींतून एक फेरी मारावी. शस्त्रपूजेचा हा दिवस आतां यंत्रपूजेचा झाला आहे, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. ज्याच्यावर पोट चालतें त्याची पूजा करावी, हाच त्या विधीचा हेतु. पण पूजेपूर्वीं स्नान हवें, म्हणून घरोघर रबरी नळ्या सुटतात. नळी एकाच्या हातीं, फडकें दुसऱ्याच्या, आणि तिसरा शेजाऱ्याशीं दोघांच्या गाड्यांचे गुण बोलण्यांत गुंतलेला. नळी मात्र वाहतच असते. धुण्यास लागलेलें पाणी थोडें आणि बोलण्यास लागलेलें अधिक, असा हिशेब पुष्कळ ठिकाणीं निघेल. आपल्या बोलींत मोटार या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विहिरीवरची एक आणि रस्त्यावरची दुसरी. त्या दिवशीं पहिली मोटार पाणी खेंचते आणि दुसरी तें अंगावर घेते. मध्यें माणसास फारसें कांहीं उरत नाहीं.

हिशेब अंदाजानें करण्याची गरज नाहीं. नळी पंधरा लिटरच्या बादलींत सोडावी आणि घड्याळ पाहावें. साध्या अर्धा इंची नळींतून, दाब बरा असल्यास, मिनिटास दहा ते वीस लिटर पाणी पडतें. मोटार धुतांना नळी एकूण दहा मिनिटें जरी उघडी राहिली तरी दीडशें लिटरांच्या आसपास पाणी गटारांत जातें. आतां दुसरें एक माप शेजारीं ठेवूं. ग्रामीण भागांत माणशीं रोज ५५ लिटर पाणी नळानें मिळावें, असें २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनचें उद्दिष्ट आहे. म्हणजे एका मोटारीच्या एका स्नानांत जवळजवळ तीन माणसांचें दिवसभराचें पिणें, रांधणें, न्हाणें आणि धुणें वाहून जातें. आणि ती मोटार बहुधा दोन दिवसांत पुन्हा धुळीनें माखते.

ही गोष्ट देऊळघाटासारख्या गांवीं विशेष बोंचणारी आहे. बुलढाणे तालुक्यांतलें हें गांव पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. नदीकांठचें गांव म्हटलें कीं परक्या वाचकाच्या मनांत दुथडी भरलेलें पात्र उभें राहतें. पण पैनगंगेचा उगम याच भागांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेंत आहे. पुढें यवतमाळ आणि नांदेड यांच्या सीमेवरून वाहत जाऊन वर्धेस मिळणारी ही मोठी नदी येथें अजून परकरी पोर आहे. पावसाळ्यांत ती बागडते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत गोटे दिसूं लागतात. बुलढाणा शहरास पाणी पुरविणारें येळगांवचें धरणही याच नदीवर आहे. सारांश, उगमापाशीं ओंजळभर असलेलें पाणी गांवानें, शेतानें आणि शहरानें वांटून घ्यावयाचें आहे. २०१८ च्या ऑक्टोबरांत राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तेव्हां त्यांत बुलढाणा जिल्ह्यांतलेही तालुके होते, आणि टँकरची वाट पाहत ओळीनें मांडलेल्या हंड्या-घागरी येथील कोणास नवीन नाहींत. ज्या घरांत पाण्याचा हंडा सुनेच्या किंवा लेकीच्या कमरेवरून येतो, त्या घरांत मोटार कितीशा पाण्यांत धुतली गेली हा प्रश्न पुरुषमंडळींनीं एकदां तो हंडा स्वतः उचलून मग सोडवावा.

दूरची उदाहरणें हवीं तर तींही आहेत. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ‘जलदूत’ नांवाची ती गाडी ऑगस्टपर्यंत फेऱ्या घालीत होती. २०१८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन शहरानें माणशीं रोज ५० लिटरांची मर्यादा घातली, तेव्हां नळाच्या पाण्यानें मोटार धुण्यास तेथें बंदीच होती. मार्च २०२४ मध्यें बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानें पिण्याचें पाणी मोटारी धुण्यास वापरूं नये असा हुकूम काढून मोडणारास ५,००० रुपये दंड ठेवला. दंडाच्या भीतीनें माणूस कसा वागतो हें आपण जाणतोंच: दिवसा नळी गुंडाळून ठेवतो आणि पहांटे पुन्हा सोडतो. म्हणून दंडापेक्षां दुसरी चांगली रीत हातीं देणें बरें.

ती रीत कळण्यासाठीं प्रथम मोटारीच्या कांतीची ओळख करून घेतली पाहिजे. आपण ज्यास मोटारीचा रंग म्हणतों तो एकाच थराचा नसतो. पत्र्यावर अस्तराचे थर, त्यांवर रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप, ज्यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, अशी रचना असते. गाडीची चकाकी ती या वरच्या लेपाची. त्याची जाडी साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका साध्या कागदाच्या निम्म्याएवढी. एवढ्या पातळ लेपावर आपण वर्षानुवर्षें फडकें फिरवितों. फडक्यानें त्यास कांहीं होत नाहीं. फडक्याखालीं सांपडलेल्या कणानें होतें. मुरुमाच्या रस्त्यावरची धूळ बोटांत चोळून पाहावी. तिचा खरखरीतपणा लगेच जाणवतो. तो कण पत्र्यावर दाबून ओढला कीं एक बारीक ओरखडा उठतो. असे हजारों ओरखडे जमले म्हणजे काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ऊन पडतांच कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें चमकूं लागतात. गाडी "जुनी दिसूं लागली" असें आपण म्हणतों. वयानें ती जुनी नसते. आपल्याच हातानें ती जुनी झालेली असते.

या दृष्टीनें पाहिलें तर पुण्या-मुंबईच्या इमारतींतून रोज पहांटे चालणारा प्रकार विचार करण्याजोगा आहे. गाड्या पुसणारा एक माणूस, एक बादली, एक फडकें आणि वीस गाड्या. पाणी म्हणाल तर तो फारच थोडें वापरतो. काटकसरीच्या परीक्षेंत त्यास पैकींच्या पैकीं गुण द्यावे लागतील. पण तिसऱ्या गाडीपासून त्याच्या बादलींतलें पाणी म्हणजे पातळ चिखल असतो, आणि विसाव्या गाडीस पहिल्या एकोणीस गाड्यांची रेती घासली जाते. दोष त्या बिचाऱ्याचा नाहीं. महिन्याच्या ज्या मोबदल्यांत आपण त्याच्याकडून रोजचें पुसणें मागतों, त्यांत याहून वेगळें होणें शक्य नाहीं. दुसरा प्रकार त्याहून वाईट: चौकांत गाडी उभी राहतांच ड्रायव्हरनें कोरडें फडकें काढून बॉनेट झटकणें. पाणी शून्य, आणि ओरखडे अगणित. तेव्हां केवळ पाणी कमी केल्यानें काम होत नाहीं. नळीनें पाणी जातें, कोरड्या फडक्यानें रंग जातो. या दोहोंच्या मधून वाट काढावयाची आहे.

ती वाट रसायनशास्त्रानें काढून दिली. इंग्रजी बोलणारे तिला ‘रिन्सलेस वॉश’ म्हणतात. न विसळतां धुणें, असा त्याचा सरळ अर्थ. या शतकाच्या पहिल्या दशकांत ऑप्टिमम या अमेरिकन कंपनीचें ‘नो रिन्स’ नांवाचें द्रावण या बाबतींत प्रसिद्धीस आलें; पुढें इतरांनींही तशीं द्रावणें काढलीं, आणि आज भारतांत बसल्या जागीं मागवितां येतील इतकीं तीं सुलभ झालीं आहेत. त्यांची संपूर्ण कृति कारखानदार सांगत नाहींत, पण तत्त्व गुप्त नाहीं. साबणासारखा मळ भिजवून सोडविणारा एक पदार्थ त्यांत थोड्या प्रमाणांत असतो. त्याबरोबर पॉलिमर, म्हणजे लांब सांखळीसारख्या रेणूंचे पदार्थ असतात. हे लांब रेणु धुळीच्या कणास वेढून घेतात व पत्र्याच्या पृष्ठावरही एक बुळबुळीत पडदा धरतात. कण आणि लेप यांच्या मध्यें हा निसरडा पडदा आला म्हणजे कण घासला न जातां सरकतो, आणि सरकत सरकत फडक्याच्या लवींत शिरतो. नेहमींच्या साबणास जो फेस येतो तो येथें जवळजवळ नसतो. फेस नाहीं म्हणून मागें राहणारा राप नाहीं, आणि राप नाहीं म्हणून विसळण्याचें कारण नाहीं. सारी युक्ति एवढीच आहे.

प्रमाण पाहिलें तर आश्चर्य वाटतें. वर सांगितलेल्या द्रावणाचें माप २५६ भाग पाण्यास एक भाग असें आहे. म्हणजे १० लिटरांच्या बादलीस सुमारें ४० मिलिलिटर, आपल्या घरांतल्या चहाच्या लहान पेल्याहूनही कमी. "थोडें जास्त घातलें तर अधिक स्वच्छ निघेल" हा आपला आवडता नियम येथें लागू पडत नाहीं. अधिक घातल्यास काचेवर चिकट ओघळ उठतात आणि मग ते पुसण्यासाठींच पाणी लागतें. ‘वॉटरलेस’ नांवाची याची एक चुलत बहीण आहे; तें द्रावण दाट करून पिचकारीनें फवारावयाचें आणि पुसावयाचें. पक्ष्यानें टाकलेली घाण, एका रात्रींत बसलेली हलकी धूळ, एवढ्यापुरती ती ठीक. जाहिरातींत मात्र तिच्याविषयीं फार मोठे शब्द वापरलेले असतात, तेवढे वजा करून घ्यावे.

द्रावणाइतकाच मान फडक्याचा आहे. जुन्या धोतराचें, बनियनचें किंवा फाटक्या साडीचें फडकें या कामास चालत नाहीं. सुती विणीच्या सपाट पृष्ठावर कण अडकून पडतो आणि पुढच्या ओढीस घासतो. येथें ‘मायक्रोफायबर’ नांवाचें कापड लागतें. नऊ हजार मीटर लांब धाग्याचें वजन जितके ग्रॅम भरेल तितका त्याचा डेनियर. मायक्रोफायबरचा तंतु एका डेनियरहूनही बारीक असतो. १९७० सालीं जपानच्या तोरे कंपनींत मियोशी ओकामोटो यांनीं अशा अतिसूक्ष्म तंतूपासून कृत्रिम सुएड तयार केलें, आणि पुढें याच जातीचे तंतु पुसण्याच्या कापडांत आले. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र ओढून मग फोडलेला हा तंतु आडव्या छेदांत गोल नसतो. त्यास पाकळ्या व खांचा असतात, आणि कण त्या खांचांत जाऊन बसतो. लांब लवीचीं, हातरुमालाच्या दुपटी-तिपटीएवढीं आठ फडकीं एकदां घेतलीं कीं तीं नीट वापरल्यास पुष्कळ दिवस पुरतात.

आतां प्रत्यक्ष कृति. सकाळचा गारवा किंवा सायंकाळची सावली ही वेळ. उन्हानें तापलेल्या पत्र्यावर हें काम करूं नये, कारण पुसण्यापूर्वींच पाणी वाळतें आणि डाग धरतें. बादलींत आधीं पाणी घेऊन मग द्रावण घालावें आणि हातानें ढवळावें. आठही फडकीं त्यांत बुडवून ठेवावीं. त्याच बादलींतलें पाणी एका पिचकारींत भरून, ज्या भागास हात घालावयाचा त्यावर प्रथम फवारावें आणि मिनिटभर थांबावें. हें थांबणें पुष्कळांच्या हातून होत नाहीं, आणि सारें यश तर त्यांतच आहे. वाळलेली धूळ भिजून सुटण्यास वेळ द्यावा लागतो. जेवणाचीं ताटें घासण्यापूर्वीं भिजत घालणाऱ्या गृहिणीस हें निराळें सांगावयास नको.

मग एक फडकें हलकें पिळून त्याची दोनदां घडी घालावी. अशा घडीस उलटसुलट मिळून आठ पाठी मिळतात. एका पाठीनें एक लहान भाग सरळ रेषेंत, एकाच दिशेनें पुसावा. गोल गोल फिरवूं नये आणि हाताचा भार देऊं नये. फडक्याचा स्वतःचा भार पुरतो. पाठ मळली कीं पालटावी. आठही पाठी मळल्या कीं तें फडकें बाजूस ठेवावें, आणि येथें या रीतीचा मुख्य नियम येतो: मळलेलें फडकें बादलींत परत बुडवावयाचें नाहीं. नवें फडकें घ्यावयाचें. आपल्या घरांत उष्ट्या हातानें वाढणें चालत नाहीं, खरकटें पळीपात्रास लागूं द्यावयाचें नाहीं. तो दंडक येथें अक्षरशः पाळावा. त्यामुळें बादलींतलें पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतें, आणि पुसणाऱ्याच्या विसाव्या गाडीस जो प्रसाद मिळतो तो आपल्या गाडीस मिळत नाहीं.

क्रम वरून खालीं. प्रथम टप, मग काचा, मग बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटीं दारांचा खालचा भाग व बंपर, कारण रस्त्याची रेती तेथें सर्वांत जास्त. चाकांस यांतलें एकही फडकें लावूं नये. त्यांस जुनें, वेगळें ठेवावें. ब्रेकची लोखंडी पूड तेथें असते, आणि ती रंगास लागली तर सारी मेहनत व्यर्थ. प्रत्येक भाग पुसून झाला कीं लगोलग दुसऱ्या कोरड्या फडक्यानें तो टिपून घ्यावा. दोन माणसें असलीं, एक पुसणारा व एक टिपणारा, तर अर्ध्या तासांत काम उरकतें. एकत्र कुटुंबांत माणसांचा तोटा नसतो. उलट टिपण्याच्या कामावरून मुलांची भांडणें लागतात, तेव्हां उजवी बाजू एकाची आणि डावी दुसऱ्याची अशी आधींच वांटणी करून द्यावी.

अशा घरांत हें चाललें असतां ओसरीवर बसलेल्या आजी गप्प बसतील हें संभवत नाहीं. "अरे, पण त्याला वरून पाणी नाहीं का घालायचं? असं नुसतं पुसून का कधीं शुद्ध होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांना अदबीनें आठवण द्यावी कीं, आपल्या धर्मशास्त्रानें स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि पाण्यांत बुडी मारण्याचें वारुण स्नान हा त्यांतला केवळ एक. भस्माचें तें आग्नेय, गोधुळीचें तें वायव्य, मंत्रानें मार्जन केलें तें मान्त्र. पाण्याच्या टंचाईचा विचार आपल्या पूर्वजांनींही केला होता असें यावरून म्हणतां येईल. मोटारीच्या लेपाविषयीं मात्र त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. आजींचें समाधान होण्यास उपयोगी, एवढेंच त्याचें मोल.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक मार्मिक असतो. "एवढं विकतचं कशाला? रिठे का नाहीं चालायचे?" रिठ्यानें रेशमी वस्त्रें आणि दागिने पिढ्यानपिढ्या धुतले गेले आहेत, आणि त्यांतील सॅपोनिन हा मळ सोडविणारा उत्तम पदार्थ आहे, यांत शंका नाहीं. पण रिठ्यास फेस येतो आणि त्याचा अंश पृष्ठावर राहतो, म्हणून विसळणें चुकत नाहीं. शिवाय कणास वेढून निसटता करणारे ते लांब रेणु त्यांत नाहींत. तेव्हां विसळण्यास पाणी असेल तरच रिठे. कपड्यांची पूड तर कधींच वापरूं नये. ती क्षारयुक्त असते, रंगावरचें मेण धुऊन काढते आणि रबरास कोरडें करते. रॉकेलचें बोट फिरवून चकाकी आणण्याची जुनी खोड कांहीं घरांत अजून आहे. ती चकाकी तेलाची. तासाभरांत तिच्यावर दुप्पट धूळ बसते.

आतां या रीतीची मर्यादा, जी विकणारा सांगत नाहीं. देऊळघाटच्या शिवारांतली जमीन काळी आहे. काळ्या दगडाच्या झिजेंतून झालेल्या या मातींत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. तीच उन्हाळ्यांत आक्रसून हातहात भेगा पाडते आणि पावसाळ्यांत चपलेस शेराशेरानें चिकटते. आषाढांत शेतावरून आलेल्या गाडीच्या खालच्या अंगास या मातीचे थर बसलेले असतात. त्यांच्यावर ओलें फडकें फिरविणें म्हणजे रंगास पॉलिशकागद लावणें. तेथें मातीचे थर आधीं पाण्यानें भिजवून पाडलेच पाहिजेत. त्यासही नळी लागत नाहीं. हातानें दाब भरण्याचा फवारा शेतकऱ्याच्या घरीं परिचयाचा आहे. साध्या पाण्यानें भरलेल्या अशा फवाऱ्यानें चार-पांच लिटरांत पुष्कळसा चिखल खालीं येतो. मात्र हा फवारा नवा आणि केवळ गाडीसाठींच राखलेला असावा. ज्यांत एकदांही तणनाशक किंवा कीटकनाशक भरलें तो कितीही धुतला तरी मुलांच्या हातीं देण्याच्या लायकीचा राहत नाहीं. चिखल फारच असेल तर भर पावसांत गाडी अंगणांत उभी करून घरांत चहा घेत बसणें ही सर्वांत स्वस्त युक्ति. दिव्य स्नान म्हणतात तें यासच लागू करावें. ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांस या सोपस्काराची गरज नाहीं.

पाण्याचा गुण हाही विचारांत घ्यावा लागतो. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलुखाचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखालीं’ असे दोन भाग करतात. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत, शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूस, खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरींचें पाणी इतकें क्षारयुक्त असतें कीं तें पिण्यासही नको वाटतें आणि पिकासही मानवत नाहीं. अशा पाण्यानें नळी लावून धुतलेली मोटार वाळली कीं तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते, आणि सांध्याकोपऱ्यांत राहिलेला क्षार पत्र्यास गंज चढवितो. घाटावरच्या कूपनलिकांचें पाणीही पुष्कळ ठिकाणीं जड असतेंच. दीडशें लिटर गोडें पाणी मोटारीसाठीं कोणी आणणार नाहीं, आणूंही नये. पण दहा लिटर आणतां येतें. शुद्धीकरणाच्या यंत्रांतून बाहेर टाकलेलें पाणी साठवून तें यासाठीं वापरण्याची सूचना कोणी करील, पण ती टाकावी. क्षार त्या टाकाऊ पाण्यांतच गोळा झालेले असतात. तें फरशी पुसण्यास ठीक. मोटारीस पागोळीचें पाणी मिळालें तर त्यासारखें दुसरें नाहीं.

एवढें करून पाणी किती वांचलें, हा हिशेब प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. बादलीचे दहा लिटर, आणि मळलेलीं फडकीं धुण्याचे आणखी पंधरा-वीस. कित्येक लेखांत हा दुसरा आंकडा गाळलेला असतो. तरीही एकूण तीस लिटरांच्या आंत काम होतें, आणि दीडशांशीं तुलना करतां तें पुष्कळ आहे. ज्यांस हें द्रावण विकत घ्यावयाचें नाहीं त्यांनीं नळी सोडून तांब्या-बादलीनें गाडी धुतली तरी चाळीस-पन्नास लिटरांत भागतें, आणि दर आठवड्याऐवजीं पंधरवड्यानें धुतली तर हिशेब आणखी निम्मा होतो. जिल्ह्याच्या एकंदर पाण्यांत शेतीचा वाटा इतका मोठा आहे कीं मोटारींच्या बादल्यांनीं दुष्काळ हटेल असें म्हणणें हास्यास्पद होईल. पण शेताचें पाणी आणि शुद्ध करून, पंपानें चढवून, चार दिवसांनीं एकदां घरापर्यंत आलेलें पिण्याचें पाणी यांत फरक आहे. वांचवावयाचें तें हें दुसरें.

शेवटीं बादलींत उरलेल्या पाण्याची व्यवस्था. तें तुळशीस किंवा भाजीच्या वाफ्यास घालूं नये, गुरांच्या तोंडाशींही ठेवूं नये. मोरीवाटे शोषखड्ड्यांत सोडावें. फडकीं कोमट पाण्यांत, साध्या पातळ साबणानें, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळीं धुवावीं, कारण सुती कपड्यांची लव त्यांस चिकटते आणि मग ती काचेवर उतरते. कपडे मऊ करण्याचें सुगंधी औषध त्यांस लावूं नये. तंतूंच्या खांचा त्यानें बुजतात. फार कढत पाणी आणि इस्त्री यांपासूनही तीं दूर ठेवावीं. सावलींत वाळवून, झांकणाच्या डब्यांत ठेवावीं. आणि घाईच्या सकाळीं कोणी त्यांतलें एखादें दुधाचें पातेलें उतरण्यास उचलूं नये म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यास तांबड्या दोऱ्याचा एक टांका आधींच घालून ठेवावा.